निवृत्तांची वाडी : कोकणातल्या घर-आगराचे एक वर्ष

कोकणातले जुने घर जांभ्या चिऱ्याचे असते. पुढे शेणाने सारवलेले खळे आणि तुळशीवृंदावन, मग पडवी, ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. परसात विहीर, गोठा, केळी, अळू, कढीपत्ता, शेवगा. पाण्याच्या अंगाला माड-पोफळीचे आगर, चढावर हापूसची कलमे, काजू, रातांबे, दोन-चार फणस आणि जुने रायवळ आंबे. सगळ्याभोवती दगडाचा गडगा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत निवृत्तीनंतरचे आयुष्य अशा घरी घालवण्याची रीत चार-पाच पिढ्यांची आहे. मुंबईत नोकरी, वर्षातून गणपतीला किंवा शिमग्याला गावी फेरी आणि नोकरी संपली की गावच्या घरी कायमचा मुक्काम, हा इथल्या असंख्य कुटुंबांचा क्रम राहिला आहे.

या आयुष्याची कल्पना दुरून करणाऱ्याला त्यात विश्रांती दिसते. प्रत्यक्षात ते ऋतूंनी बांधलेले, न थांबणारे काम असते. घर, विहीर, झाडे आणि माणसाची ताकद यांचा मेळ ज्या घराने वेळीच घातला, तिथे म्हातारपण समाधानाने जाते. तो मेळ न बसल्यास पाच-सात वर्षांत वाडी रानाला जाते आणि घराला पुन्हा कुलूप लागते.

कोण परततो

मुंबईच्या कापड गिरण्या, गोदी, रेल्वे, नगरपालिका, पोलीस, टपाल, छापखाने आणि सरकारी कचेऱ्यांनी कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या सामावून घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हजारो कामगारांवर निवृत्तीचे वय होण्याआधीच गाव गाठण्याची वेळ आली. पुढच्या पिढीत शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एसटी आणि पालिकेतले लोक परतू लागले. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईतली मुले व गावातले आईवडील यांच्यातले अंतर एका रात्रीचे झाले. त्यामुळे कायम गावी राहण्याचा निर्णय पूर्वीइतका जड राहिला नाही.

तरीही गावे रिकामी होत आहेत. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ पर्यंत आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ पर्यंत उतरली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष नोकरीला बाहेर आणि बाई गावी, ही जुनी घडी या आकड्यातून समजते. निवृत्तीनंतर जे घर पुरुषाला तयार मिळते, ते बहुधा त्याच्या आईने, वहिनीने किंवा बायकोने तीस-चाळीस वर्षे जिवंत ठेवलेले असते.

कागद आणि हिस्से

परतल्यावरचे पहिले काम जमिनीच्या कागदांचे. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांची नावे, त्यांच्या पुढच्या सगळ्या शाखा आणि माहेरवाशिणींचे हक्क अशी एकाच गटावर वीस-पंचवीस नावे असणे कोकणात नेहमीचे आहे. वारसनोंदी झालेल्या नसतील तर फळबागेचे अनुदान, कर्ज किंवा नुकसानभरपाई यांत अडचण येते. म्हणून तलाठ्याकडे वारसनोंद करून फेरफार मंजूर करून घेणे ही सुरुवात. भाऊबंदांचे एकमत असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते आणि घरपट्टी त्या नोंदीवरून आकारली जाते.

एकमत नसेल तर निदान वहिवाट लिहून ठेवावी लागते. कोणती कलमे कोणी लावली, विहिरीचे पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यायचे, पाणंद कोणाच्या हद्दीतून जाते, हे जाणती माणसे हयात असतानाच ठरले तर पुढचे तंटे टळतात. साठीच्या माणसाने हे काम पुढे ढकलू नये, कारण साक्ष देणारी पिढी त्याच्या डोळ्यांसमोर सरत असते.

घर आणि पाणी

कोकणातले घर राहत्या माणसामुळे टिकते. चुलीच्या धुराने वासे-रिपांना कीड आणि वाळवी कमी लागते, रोज उघडणाऱ्या दारा-खिडक्यांनी भिंतीतला दमटपणा निघून जातो, फुटलेले कौल त्याच आठवड्यात बदलले जाते. बंद घरात एका फुटक्या कौलातून गळलेले पाणी एका पावसाळ्यात तुळई कुजवते. कौले दरवर्षी उतरवून, झाडून परत लावायची, म्हणजे घर शाकारायचे, हे मेहनतीचे काम. त्यातच माकडांच्या उड्यांनी कौले फुटतात, म्हणून अनेकांनी छप्पर पत्र्याचे केले आहे. पत्र्याखाली उन्हाळा जास्त जाणवतो. त्यामुळे आत लाकडी माळा राखणे किंवा पत्र्याखाली कौलांचा थर ठेवणे सोयीचे पडते.

वयाला साजेसे बदल पहिल्या वर्षीच करून घ्यावेत. न्हाणी आणि संडास घराला जोडून, बैठक उंच, भिंतीला धरायला दांडी, खळ्याच्या पायऱ्या कमी उंचीच्या, विहिरीला कठडा आणि जाळी. जांभा सच्छिद्र असल्याने मैलापाणी त्यातून सहज पाझरते. म्हणून शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा.

वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात. मातीचा थर पातळ, उतार तीव्र, नद्या आखूड आणि जांभ्यात पाणी फार काळ न थांबणे, ही त्याची कारणे. वहाळ वाहता असतानाच, नोव्हेंबर-डिसेंबरात, मातीने भरलेल्या पिशव्यांचा वनराई बंधारा घातला की लगतच्या विहिरींचे पाणी काही आठवडे जास्त टिकते. हे काम एका घराचे नाही, वाडीने मिळून करायचे असते. आगराच्या शिंपण्याला ठिबक आणि झाडाच्या आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन असेल तर थोडे पाणी पुष्कळ पुरते.

रोजचा दिवस

दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. चूल किंवा गॅस पेटतो, गोठा असेल तर शेण काढणे आणि धार काढणे, मग अंगण झाडणे, देवपूजेसाठी फुले. स्थानिक कोकण कपिला गाय दूध बेताचे देते, पण भरपूर पाऊस, दमट हवा आणि निकृष्ट चारा सोसते. घरापुरते दूध आणि आगरापुरते शेणखत एवढीच अपेक्षा असेल तर ती योग्य. गुरे झेपत नसतील तर गावठी कोंबड्या पाळल्या जातात. त्यांना मुंगूस, रानमांजर आणि घारीपासून जपावे लागते.

सकाळची न्याहरी उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे किंवा भाजलेला पापड, कधी घावणे. मग उन्हे चढेपर्यंत बाहेरची कामे : पडलेल्या झावळ्या आणि नारळ गोळा करणे, पोफळींना पाणी, गडग्याचा ढासळलेला दगड लावणे, वेलींना आधार. अकरानंतर उन्हात काम करू नये हा जुना नियम साठीनंतर अधिकच पाळायचा असतो. दुपारी जेवण, आडवे होणे, वर्तमानपत्र. तिसऱ्या प्रहरी नारळ सोलणे, झावळीचे हीर काढून केरसुण्या बांधणे, सुपारी सोलणे, बियाणे निवडणे अशी बसून करायची कामे. संध्याकाळी पुन्हा शिंपणे, दिवेलागण, मुंबईतल्या मुला-नातवंडांचे फोन. ग्रामदेवतेच्या देवळातली बैठक, भजन किंवा एसटीच्या थांब्यावरच्या गप्पा यांनाही दिवसात जागा असते, आणि एकट्या माणसासाठी ती औषधाइतकी गरजेची असते.

आगोट ते शिमगा

वर्षाची खरी सुरुवात मे महिन्यात, आगोटीच्या कामांनी होते. लाकूडफाटा आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचणे, कौले तपासणे, पावसाच्या झडीच्या बाजूला पडवीला झापे बांधणे, खळ्यावरचा मांडव उतरवणे, परड्याचे पन्हाळ मोकळे करणे. आमसुले, आगळ, कुळीथ, पापड, फणसाची साठे, मीठ, मिरची-मसाला आणि सुकी मासळी यांची बेगमी याच दिवसांत भरते. वीज जाण्याची खात्री असल्याने विजेऱ्या, औषधांचा महिन्याचा साठा आणि भरलेला सिलिंडरही आता आगोटीत मोडतात. ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या चक्रीवादळांनी दाखवून दिले की घरावर झुकलेले जुने झाड आणि सैल बसलेला पत्रा यांकडे पावसाआधीच पाहायला हवे.

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागतो. भाताचा तरवा पेरला जातो आणि तीन-चार आठवड्यांनी लावणी येते. निवृत्त घरांपैकी थोडीच स्वतः भात लावतात, कारण बैलजोडी उरलेली नाही आणि मजूर मिळणे कठीण. शेत अर्धेलीने देण्याचा मार्ग असतो. मात्र १९४८ च्या कुळकायद्याची आठवण अजून ताजी असल्याने अनेकजण तोंडी व्यवहाराला कचरतात आणि शेत पड ठेवतात. नेरळच्या सगुणा बागेत शेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात कायमच्या गादीवाफ्यांवर टोकण होते. चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात, म्हणून थोड्या गुंठ्यांत भात करणाऱ्या वयस्क घराला ती पद्धत पेलणारी आहे.

पावसाळ्यात परस भाजीने भरतो. मांडवावर पडवळ, दोडकी, काकडी, चिबूड. जमिनीवर भेंडी आणि लाल भोपळा. रानात टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी. याच काळात पोफळीवर कोळेरोग येतो आणि कोवळी सुपारी गळते. पावसापूर्वी आणि नंतर मधल्या उघडिपीत एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी हा त्यावरचा रूढ उपाय. माडाला गेंड्या भुंगा लागतो. त्याच्या अळ्या शेणखताच्या उकिरड्यात वाढतात, म्हणून खड्डा वेळोवेळी उपसून अळ्या वेचणे माडाच्या शेंड्यावरील औषधाइतकेच महत्त्वाचे.

भाद्रपदात चाकरमानी येतात. वाडीतली बंद घरे उघडतात. अनेक घरांच्या किल्ल्या गावी राहणाऱ्या वयस्कर जोडप्याकडे असतात. झाडलोट, विहिरीत औषध टाकणे, मूर्तीची आगाऊ नोंदणी आणि भटजींना निरोप या गोष्टी तेच पाहतात. दक्षिण कोकणात गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी नारळ, सुपारीची शिपटे, तवसे, कवंडळ आणि रानफळे लागतात, ती घरच्या वाडीतून आणि भोवतालच्या रानातून येतात. दीड-पाच-सात दिवसांनी माणसे परत जातात. त्यानंतरचे दोन आठवडे म्हाताऱ्यांना कठीण जातात, हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि शेजारी मुद्दाम चौकशीला येतात.

ऑक्टोबरात भात कापणी आणि झोडणी. पावसाने उखणलेले खळे खणून, पाणी मारून, चोपण्याने चोपून नवे केले जाते आणि शेणाने सारवतात. तुळशीच्या लग्नाला ते तयार लागते. हिवाळ्यात भाताच्या ओलीवर कुळीथ-पावटा, परसात लाल माठ, मुळा, वांगी, मिरची. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा आणि सिंधुदुर्गात दशावतारी नाटके सुरू होतात. फाल्गुनात शिमगा आणि ग्रामदेवतेची पालखी. पालखी दारी येते तेव्हा घर उघडे असावे, हीही परत येण्यामागची एक खोल ओढ असते.

झाडांची निवड

निवृत्तीनंतर नवी लागवड करणाऱ्याने फळ येण्याचा काळ धरून चालावे. काजूची कलमे तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळू लागतात. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती सर्वत्र परिचित आहेत. हापूसच्या कलमाला पाच-सहा वर्षे, बाणवली माडाला सहा-सात वर्षे लागतात. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, रोपे बियांपासून केली तर सुमारे निम्मी नर निघतात आणि ते फुलोरा येईपर्यंत कळत नाही. त्यामुळे मादी झाडाची कलमे लावून सोबत थोडे नर ठेवणे शहाणपणाचे. १९७२ मध्ये स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ आणि त्याची संशोधन केंद्रे खात्रीची कलमे देतात. १९९० पासून राबवलेल्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने कोकणातल्या अनेक पडीक वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे केले, आणि आज परतणाऱ्या अनेकांच्या वाट्याला त्या काळातली झाडे येतात.

हापूस हे मानाचे पण कष्टाचे झाड. मोहोर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येतो, त्यावर तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी यांचा हल्ला होतो, ढगाळ हवेत तो जळतो आणि झाड बहुधा वर्षाआड भरघोस फळते. काढणी झेल्याने, देठासकट, चौदा आणे तयार फळाची. मग पेंढ्याच्या आढीत पिकवणे. साठी ओलांडलेल्या माणसाला फवारणी आणि चढाई जमत नाही, म्हणून कलमे हंगामापुरती कराराने दिली जातात. करार लेखी असावा आणि त्यात मोहोर लवकर आणणाऱ्या पॅक्लोब्युट्राझोलचे प्रमाण ठरलेले असावे, कारण त्याच्या अतिवापराने झाड खंगते आणि नुकसान मालकाचे होते.

वयस्क घराला सर्वांत जुळणारे झाड कोकमाचे आहे. त्याला फवारणी जवळजवळ लागत नाही, माकडे सोडली तर राखण कमी, आणि फळ एप्रिल-मे महिन्यांत येते. फळे फोडून बिया-गर वेगळा करतात, त्यात मीठ घालून सुटलेल्या रसात साली बुडवून उन्हात वाळवतात. ही पुटे काही दिवस दिली की आमसूल काळेभोर आणि टिकाऊ होते. खारवलेला रस म्हणजे आगळ. बियांपासून कोकमतेल निघते, ते पायाच्या भेगांवर लावतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये आणि कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

जनावरांचा त्रास

आज कोकणातल्या वाडीपुढचा मोठा प्रश्न माकडे आणि वानरे यांचा आहे. शहाळी, केळी, कोकम, भाजी आणि मोहोर सगळेच ते उद्ध्वस्त करतात. रानडुकरे आणि साळिंदर कंद उकरतात, सह्याद्रीच्या पायथ्याला गवे येतात, आणि दोडामार्ग भागात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे. एकट्या घराने केलेली राखण पुरत नाही. शेजारची घरे बंद आणि जमिनी रानाला गेलेल्या असतील तर जनावरे तिथे दबा धरतात. म्हणून गडग्यालगतची झुडपे साफ ठेवणे, सौर कुंपण सामाईक घेणे, आणि घराजवळ हळद, आले, सुरण, मिरी अशी माकडांना फारशी न रुचणारी पिके वाढवणे हे मार्ग वाड्या धरू लागल्या आहेत. मिरीचा वेल माड-पोफळीवर चढतो, वेगळी जागा मागत नाही.

पैशाचा मेळ

वाडीवर संसार चालत नाही, वाडीमुळे संसाराचा खर्च कमी होतो. नारळ, भाजी, फळे, आमसूल, थोडे तांदूळ आणि जळण घरचे असते. वीज, औषधे, मजुरी आणि प्रवास यांना रोख लागते. सरकारी निवृत्तिवेतन असणाऱ्याला हा भार सोसतो. खासगी नोकरीतल्यांची स्थिती बिकट आहे, कारण १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये किमान पेन्शन महिना १,००० रुपये ठरली. काजू बी, नारळ आणि कलमांच्या कराराची रक्कम बहुधा मजुरीत आणि घरदुरुस्तीत जिरते. माडावर चढणारी माणसे कमी झाल्याने नारळ पाडण्याचा खर्चही वाढला आहे. एसटीत ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धे तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील लोकांना मोफत प्रवास मिळू लागल्याने तालुक्याच्या गावच्या बँक-दवाखान्याच्या फेऱ्या सुकर झाल्या.

आजार आणि अपघात

गावच्या हवेत राहून मधुमेह-रक्तदाब थांबत नाहीत. त्यांची नियमित तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. मोठ्या आजारात सिंधुदुर्गातल्या रुग्णांना बहुधा गोव्यात बांबोळीला आणि रत्नागिरीतल्यांना डेरवण, कोल्हापूर किंवा मुंबईला न्यावे लागते. त्यामुळे १०८ रुग्णवाहिकेला घरापर्यंत येण्याजोगा रस्ता असणे ही घराची जागा ठरवताना पहिली अट धरावी.

जांभ्याच्या प्रदेशात फुरसे पुष्कळ. गडगा, पाचोळा आणि लाकडांची रास हाताळताना काठी, बूट आणि विजेरी हवी. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. अवयव स्थिर ठेवून लगेच रुग्णालय गाठावे. भारतातली प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर चालते. विंचूदंशाने एकेकाळी कोकणात अनेक बळी जात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध प्रभावी असल्याचे दाखवले आणि मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. भाताच्या चिखलात पायाच्या जखमांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. पावसाळ्यात गमबूट आणि ताप येताच तपासणी आवश्यक. सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाची धास्ती हिवाळा-उन्हाळ्यात असते. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचे असते.

बाईचे काम

अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी पुरुषाची नोकरी संपते. घरातल्या बाईचे काम त्याच दिवशी वाढते. मुंबईत राहिलेली बाई चाळीस वर्षांनी चूल, विहीर आणि गोठ्याकडे परतते. गावीच राहिलेली बाई आधीपासून हे ओढत असते आणि तिच्या गुडघ्यांनी, पाठीने त्याची किंमत दिलेली असते. विहिरीवर पंप, घरात नळ, गॅस, मिक्सर आणि धुण्याचे यंत्र यांवर झालेला खर्च वाडीवरच्या कोणत्याही खर्चापेक्षा आधी व्हायला हवा. ज्या घरात पुरुष सारवण, धुणी-भांडी आणि स्वयंपाक यांतला वाटा उचलतो, तिथे दोघांचेही आयुष्य हलके होते. नवरा किंवा बायको गेल्यावर एकट्या उरलेल्याला घर चालवता येणे याच तयारीवर अवलंबून असते.

वाडी आवरणे

साठी ते सत्तरीत माणूस वाडी वाढवू शकतो, सत्तरीनंतर ती आवरावी लागते. आधी गुरे कमी करायची, मग भात सोडायचे, मग लांबची कलमे कराराने द्यायची आणि शेवटी घराभोवतीचा परस तेवढा हातात ठेवायचा. हा क्रम ठरवून पाळला तर प्रत्येक टप्प्यावर राखता येईल तेवढेच उरते आणि काही रानाला जात नाही. याच काळात वाडीची माहिती पुढच्या पिढीला द्यायची असते : हद्दीचे दगड, पाण्याच्या वाटा, कोणत्या रायवळाचे लोणचे टिकते, कोणत्या फणसाचे गरे कापे, कोणते कोकम नर. इच्छापत्र, बँकेतले नामनिर्देशन आणि सातबाऱ्याची प्रत एका जागी ठेवून मुलांना सांगितलेली असावी.

सगळीच मुले परत येतील असे नाही. पण उत्पन्न देणारी झाडे, चालू विहीर, निर्वेध कागद आणि गळत नसलेले छप्पर मागे असेल तर पुढच्या निवृत्ताला परतण्याचा पर्याय राहतो. लोकसंख्या घटत चाललेल्या जिल्ह्यांत गाव टिकवण्याचे एवढे थेट काम दुसरे नाही, आणि ते आज मुख्यतः साठीपुढची माणसे करीत आहेत. त्यांच्या वाडीपर्यंत रस्ता, पाणी आणि दवाखाना पोचवणे हे ग्रामपंचायतीपासून शासनापर्यंत सर्वांचे कर्तव्य आहे.